काचेच्या खोलीतले साहेब

आसाराम मास्तरांनी तांबडं फुटायच्या आत चिखल कालवला आणि मोहनराव देशमुखांच्या काचेच्या खोलीच्या फटी एकेक करून बुजवायला घेतल्या. पौषातली थंडी होती. बोटं बधिर होऊन कधीच परकी झाली होती, पण मास्तरांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. आज मोमिनाबादहून तालुकदारसाहेब सिरसाळ्याला येणार होते. त्यांची एक सही झाली की मास्तरांची शाळा सरकारी दप्तरात लागणार होती. नाही झाली तर शाळा बंद, आणि मास्तरांची रवानगी आष्टीला, थोरल्या भावाच्या घरी. तिथे भावजय ताटात भाकरी वाढायची ती पहिली आणि शेवटची अशी एकच. त्यामुळे सही व्हायलाच हवी होती.

अडचण एकच होती. शाळेला छप्पर पाहिजे असा सरकारी नियम होता आणि मास्तरांची शाळा लिंबाखाली भरत होती. देशमुखांच्या घराला अकरा खोल्या होत्या. मास्तरांनी त्यातली एक मागून पाहिली.

"मास्तर, देयाला माझी ना न्हाई," देशमुख म्हणाले होते, "पर एकीत कडबा हाय, एकीत पाव्हणे येत्यात, आन् बाकीच्या अशाच लागत्यात."

बारावी खोली काचेची. देशमुखांनी हैदराबादला कुण्या नवाबाच्या बागेत झाडं ठेवायचं काचेचं घर पाहिलं होतं. बाहेर थंडी आणि आत झाडं कशी टवटवीत. झाडांची एवढी बडदास्त असते तर देशमुखांची का नसावी, या विचाराने त्यांना झोप लागेना. त्यांनी हैदराबादहून काचा मागवल्या. निम्म्या बैलगाडीत फुटल्या, म्हणून खोलीही निम्मीच झाली. एक टेबल, एक खुर्ची आणि एक माणूस एवढंच तिच्यात मावत होतं. पण छपरासकट सगळी काच, आणि पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. साहेबांना तिच्यात उबेत बसवून खूश करायचं, असा मास्तरांचा बेत होता.

साहेब आले ते शिंकतच. डोक्यावर दस्तार, अंगात शेरवानी, तिच्यावर जाड कोट, कोटावर शाल आणि गळ्याला मफलर. माणूस भला आणि हैदराबादी अदबीत वाढलेला, पण थंडीने पार काकडलेला होता.

"हुजूर, आपली काचंची खोली हाय," देशमुख कमरेत वाकून म्हणाले. "आत थंडी शिरतच न्हाई. कावून, ते आमचे मास्तर सांगतील."

मास्तर याच क्षणाची वाट पाहत होते. पुण्याच्या एका मासिकात वाचलेलं सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं.

"हुजूर, ऊन काचेतून आत येतं आणि जमीन तापवतं. पण तापलेल्या जमिनीची ऊब काचेतून तशी बाहेर पडत नाही. आत अडकते. आपल्या पृथ्वीचंही असंच आहे. तिच्या भोवती हवा आहे, हवेत पाण्याची वाफ आहे, कोळशातून निघतो तो वायू आहे. ते ऊन येऊ देतात, पण ऊब धरून ठेवतात. ही हवेची काच नसती तर सिरसाळ्याच्या विहिरींचा बर्फ झाला असता."

"म्हणजे आपण सगळे एकाच रजईत आहोत," साहेब म्हणाले.

"जी हुजूर. आणि धूर वाढला की ती रजई आणखी जाड होणार."

"खूब. आज मला जाडच पाहिजे." साहेबांनी कागदांची चळत उचलली. "मी आत बसून काम करतो. मी आवाज देईपर्यंत कोणालाही आत येऊ देऊ नका."

साहेब आत गेले. देशमुखांच्या भारत नावाच्या गड्याने हुकूम तंतोतंत पाळायचा म्हणून बाहेरून कडी घातली आणि काठी घेऊन दारात बसला.

पहिला तासभर सगळं उत्तम चाललं. ऊन वर आलं, साहेबांच्या शिंका थांबल्या, त्यांनी मफलर काढला आणि काचेतून मास्तरांकडे पाहून पसंतीची मान हलवली. अंगणात गावातली तीसेक माणसं पागोटी बांधून, घोंगड्या पांघरून बसली होती. मास्तरांना आपली सही समोर दिसायला लागली.

मग साहेबांनी शाल काढली. मग कोट काढला. थोड्या वेळाने शेरवानीच्या गुंड्या सुटल्या. आणि शेवटी साहेबांनी डोक्यावरचा दस्तार काढून टेबलावर ठेवला.

देशमुख ताडकन उठले. "आरं उठा. पागोटी काढा."

"एवढ्या गारठ्यात?" कोणीतरी विचारलं.

"साहेब बोडके आन् आपून पागोट्यात? बेअदबी हाय ती. लिहून घेतलं त्यांनी म्हंजी?"

तीस पागोटी उतरली. तेवढ्यात साहेबांनी शेरवानी काढली. देशमुखांनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि अंगरख्याच्या बंदाला हात घातला. घोंगड्या, बाराबंद्या, सदरे धडाधड खाली पडले. पाच मिनिटांत सिरसाळ्याची सगळी प्रतिष्ठित मंडळी उघड्या अंगाने दात वाजवत हात जोडून उभी होती.

साहेबांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता. ते दाराशी आले, दार ढकललं, तोंड उघडून काहीतरी बोलले. बाहेर काही ऐकू आलं नाही. फटी मास्तरांनी स्वतःच बुजवल्या होत्या, आणि काम चोख झालं होतं.

"भारत, दार उघड. साहेबांना उकडतंय."

"साहेब म्हणले, आवाज देईपर्यंत न्हाई."

"अरे ते आवाजच देताहेत."

"तुमाला ऐकू आला?"

"नाही."

"मलाबी न्हाई आला," भारत म्हणाला आणि काठी आडवी धरली.

मास्तर देशमुखांकडे धावले. देशमुखांना थंडीने धड बोलता येत नव्हतं. "म-म-मास्तर, हुकूम म्हंजी हुकूम. आन् तुमीच म्हणले ना, आत ऊ-ऊब असती म्हणून? मंग उबंला साहेब कावून भितील?"

आत साहेबांनी खुर्ची डोक्यावर उचलली. पण महागाच्या काचांकडे पाहून, पाहुण्याने यजमानाचं नुकसान करू नये म्हणून, ती पुन्हा अदबीने खाली ठेवली. एव्हाना त्यांच्या घामाच्या वाफेने काचांवर धुकं धरलं होतं. त्या धुक्यावर त्यांनी बोटाने उर्दूत मोठ्ठी अक्षरं लिहिली. आतून लिहिलेली अक्षरं बाहेरून उलटी दिसत होती, त्यामुळे ज्यांना उर्दू येत होतं त्यांनाही ती लागेनात.

"सही केली," देशमुख म्हणाले. "मास्तर, मंजूर झाली तुमची शाळा."

तीस उघड्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तेवढीच अंगाला ऊब आली. आत साहेबांनी कपाळ काचेला टेकलं.

इतक्यात चहाचा थाळा घेऊन देशमुखांच्या पत्नी सत्यभामाबाई अंगणात आल्या. समोर तीस बाप्ये, सगळे बोडके, सगळे उघडे, अंघोळीला निघाल्यासारखे.

"अहो, कोन गेलं?"

"कुनी न्हाई ग-गेलं. साहेबांचा मा-मान ठेवतोय."

सत्यभामाबाईंनी काचेकडे पाहिलं. काचेला एक नाक, दोन तळवे आणि एक मिशी चिकटलेली होती.

"मंग आता जातंय वाटतं," त्या म्हणाल्या. थाळा खाली ठेवून त्यांनी भारतच्या हातातली काठी काढून घेतली आणि कडी उघडली.

आतून आधी वाफ बाहेर आली, मग साहेब. अंगात बंडी आणि सुरवार, दोन्ही ओलीचिंब. त्यांनी लागोपाठ तीन तांबे पाणी प्यायलं, डोळे पुसले आणि मग कुठे त्यांचं लक्ष अंगणाकडे गेलं.

"तुम्हालाही गरम होत होतं?"

"जी हुजूर," देशमुख काळेनिळे पडलेल्या ओठांनी म्हणाले. "ल-ल-लई."

साहेबांनी बंडीचा ओला कोपरा पिळला. मास्तरांना आष्टीची ती एक भाकरी स्पष्ट दिसू लागली.

"मास्तर," साहेब शेवटी म्हणाले, "सकाळी तुम्ही सांगितलं ते मी कानानं ऐकलं होतं. आता पाठीनं ऐकलं. रजई मला पुरती समजली. असा मास्तर गावाला पाहिजे. शाळेला छप्पर आहे का?"

मास्तरांना खोटं बोलता येत नव्हतं. "नाही हुजूर."

साहेबांनी मागे वळून काचेच्या खोलीकडे पाहिलं. मग देशमुखांकडे पाहिलं. मग फार गोड हसले आणि कागद मागवला. हुकूम जागच्या जागी लिहिला गेला: शाळा मंजूर, ती याच काचेच्या खोलीत भरावी, जागा बदलणे झाल्यास नवा अर्ज करावा. खाली सही, यावेळी शाईची आणि सुलटी.

देशमुख मटकन खाली बसले. उघड्या अंगाला फरशी किती गार लागली, हेही त्यांना कळलं नाही. मास्तर मात्र आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. सही झाली होती, शाळा वाचली होती, आणि डोक्यावर छप्पर आलं होतं.

माघात शाळा झकास भरली. खोलीत पाचच मुलं मावायची, म्हणून मास्तर पाचपाचांचे वर्ग घेत, आणि उबेसाठी गावातली म्हातारी माणसंसुद्धा पाढे म्हणायला येऊ लागली. फाल्गुनात म्हातारे गळाले. चैत्रात साखराबाई नावाची शेजारीण विचारायला आली, "मास्तर, कुरडया वाळवायला वर्गात ठेवल्या तर चालत्याल का?" मास्तरांनी त्याच दिवशी शाळा पुन्हा लिंबाखाली भरवायची परवानगी मागणारा अर्ज केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: झाडास छप्पर नसते, सबब नामंजूर.

शेवटी सत्यभामाबाईंनाच दया आली. त्यांनी शिडी लावली, पदर खोचला आणि कालवलेला चुना घेऊन काचेचं छप्पर दोन दिवस पांढरंफेक सारवून काढलं. ऊन अडलं, खोली निवली. मास्तरांनी खालून हात जोडले.

"वहिनी, लई उपकार झाले. यालाच म्हणतात शास्त्र. ऊन आत आलंच नाही, तर अडकणार काय?"

सत्यभामाबाई शिडीच्या वरच्या पायरीवर बसून कपाळाचा घाम पुसत होत्या. त्यांची नजर परळीच्या बाजूला गेली. तिकडे सरकीच्या गिरणीचं धुरांडं काळा धूर ओकत होतं.

"मास्तर, त्यो धूर तुमच्या त्या वरच्या काचंलाच जातोय न्हवं?"

"जातो की."

"मंग एवढ्याशा खोलीला माझे दोन दिस गेले. ती वरची तापली म्हंजी तिला कोन सारवनार?"

मास्तरांकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर असायचं, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. आज त्यांनी आधी चुन्याच्या बादलीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"अर्ज करून बघतो, वहिनी," ते म्हणाले.