चाखणी समितीची पोपटी

एका जंगलात सिंहाने मार्गशीर्ष पाळायला घेतला, बाळांनो. मांडी घालून बसा बघू. हातातली बिस्किटं खाली ठेवा. गोष्ट खाण्याचीच आहे, पण खात खात ऐकायची नाही.

तर झालं असं, की सिंहमहाराजांना आंबट ढेकर यायला लागले. बगळेशास्त्र्यांनी नाडी पाहिली, एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि सांगितलं, "महाराज, महिनाभर मांस वर्ज्य. दर गुरुवारी देवीची पूजा."

"आणि मासे?" महाराजांनी विचारलं.

"मासा म्हणजे पाण्यातलं फळ," शास्त्री म्हणाले. त्यांच्या घराण्यात पूर्वापार हेच फळ खात होते.

पण महाराजांना काटे काढायचा कंटाळा. त्यांनी दुधीची भाजी खाल्ली, शिंगाड्याची खीर प्यायली. जंगलाला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. हरणं उन्हं डोक्यावर असताना पाण्यावर जायला लागली. रानकोंबड्या मोठ्याने बोलायला लागल्या.

एकच अडचण होती. महाराजांना जेवणाआधी तोंडात टाकायला काहीतरी लागे. पोटभरीचं नाही, नुसतं भूक चाळवायला. आजवर हे काहीतरी म्हणजे ससा असायचा.

शेवटचा गुरुवार जवळ आला तशी महाराजांनी दवंडी पिटवली. "उद्यापनाला जेवणाआधी तोंडात टाकायला शाकाहारी आणि रुचकर काही मिळालं, तर हे व्रत आम्ही बारा महिने चालवू. नाही मिळालं, तर दिवेलागणीला पारणं. पारण्याला ससा."

ससा नेमका कोणता, तेही ठरलं होतं. भागोजीराव. त्यांच्या गळ्यात पळसाचं पान बांधून त्यांना महाराजांच्या पाटाशेजारी बसवलं होतं. कागदोपत्री त्यांचं नाव 'पर्यायी व्यवस्था' असं होतं.

आता या पर्यायी व्यवस्थेला एक बायको होती. मथूताई. स्वभावाने गरीब, उपासतापास करणारी. तिने सोमवार केले, शुक्रवार केले, सोळा सोमवार तर दोनदा केले, कारण पहिल्या खेपेला मध्येच जावेच्या बाळंतपणाची सुवेर आली होती. देवीने आपलं कधी वाईट केलेलं नाही, असं ती सगळ्यांना सांगे. चांगलं काय केलं, हे तिला कुणी विचारत नसे.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी पोपटी लावते."

"लाव," भागोजीराव म्हणाले. "मीठ बेतानं घाल. मागच्या खेपेला खारट झाली होती."

पोपटी म्हणजे काय, हे तुम्हाला शहरात कुठलं माहीत असायला. थंडीत वालाच्या शेंगा भरतात ना, तेव्हा करायची ती. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. शेंगांना जाडं मीठ आणि ओवा चोळायचा. शेंगा भरायच्या, वर पुन्हा पाला, आणि मडक्याचं तोंड पाल्यानेच गच्च दाबून टाकायचं. मग मडकं उपडं ठेवायचं, भोवती गवत आणि गोवऱ्या रचायच्या आणि जाळ लावायचा. पाणी थेंबभरही घालायचं नाही. तेल नाही, तूप नाही. शेंगा आपल्याच वाफेवर भाजतात. इतकं सोपं आहे, की त्यात कुणाला काही करायला उरत नाही.

आणि जिथे कुणाला काही करायला उरत नाही, तिथे समिती नेमतात.

चाखणी समिती. अध्यक्ष कोल्होबा, सदस्य रानडुक्कर आणि मोर. गुरुवारी मथूताई न्हाऊनधुऊन, महाराजांच्या गुहेपुढे देवीचा घट मांडून मडकं घेऊन आली, तर समिती गवतावर आधीच बसलेली.

"पाणी कुठाय?" रानडुकराने विचारलं.

"पाणी घालत नाहीत, भाऊ."

"पाण्याशिवाय शिजतं होय? आम्हाला काय नुसतेच चिखलात लोळणारे समजलात?"

मोराने मडक्याभोवती एक फेरी मारली. "उपडं मडकं? महाराजांच्या पुढ्यात? बाई, मांडणी म्हणून काही असते. वरून एखादा पिसारा तरी लावा."

"जळेल हो तो," मथूताई म्हणाली. मोर पटकन दोन पावलं मागे सरला.

कोल्होबा नुसती शेपटी झटकत बसले होते. अध्यक्ष शेवटी बोलतात.

रानाच्या कडेला माणसं शेकोटी टाकून गेली होती. तिथले निखारे मथूताईने करवंटीतून आणले होते. तिने जाळ लावला आणि हात जोडून बसली. गवत भडकलं, गोवऱ्या लाल झाल्या. मग पाल्याचा तो वास सुटला. महाराजांच्या गुहेतून मिटक्या ऐकू यायला लागल्या.

मथूताईने मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडून गेले. झाली पोपटी. तिने काठीने मडकं बाहेर ओढलं, पाला उपसला आणि हिरव्या वाफाळत्या शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. देवीसाठी मूठभर काढायला तिने हात पुढे केला.

"थांबा," कोल्होबा म्हणाले. "तुम्ही चाखलंत?"

"अगोबाई, नैवेद्य दाखवायच्या आधी कसं चाखायचं? उष्टं होईल ना."

कोल्होबांनी सदस्यांकडे पाहिलं. "म्हणजे जी वस्तू करणारीने स्वतः खाल्लेली नाही, ती महाराजांना द्यायची. काही बरं-वाईट झालं तर कोणाला धरायचं?"

"पण देवीला तरी आधी..."

"देवी थांबेल, ताई. तिला कुठे जायचंय? आधी तपासणी."

आणि कोल्होबांनी एक शेंग उचलली. चघळली. डोळे मिटले. "मत बनायला एक पुरत नाही," असं म्हणून मूठभर घेतल्या. रानडुकराने तळाच्या तपासल्या, कारण म्हणे भेसळ तळाशी असते. मोराने डावीकडच्या आणि उजवीकडच्या शेंगा ताडून पाहिल्या. मग अध्यक्षांना शंका आली, की मधल्या राहिल्या.

"अहो, संपतील," मथूताई काकुळतीला आली. "माझं कुंकू आहे हो त्याच्यावर."

"म्हणूनच कसून बघतोय," कोल्होबा भरल्या तोंडाने म्हणाले.

पलीकडून भागोजीराव मान उंचावून बघत होते. "काय गं, मीठ जमलंय का?" त्यांनी विचारलं.

महाराज गुहेतून बाहेर आले तेव्हा पानावर सालं होती. समिती ओळीने उभी होती आणि तिघांची पोटं ताणलेली होती.

"पोपटी?" महाराज म्हणाले.

"उत्तीर्ण झाली, महाराज," कोल्होबांनी लवून सांगितलं. "अत्यंत रुचकर. अहवाल तोंडी सादर करू का?"

"शेंगा कुठायत?"

"तपासणीत कामी आल्या. पण काळजी नसावी. पर्यायी व्यवस्था तयार आहे."

भागोजीरावांनी गळ्यातलं पान सारखं केलं.

मथूताईने मडक्यात हात घातला. तळाला एकच शेंग चिकटून राहिली होती, एका बाजूने करपलेली. तिने ती सोडवली. आता ही महाराजांना द्यायची की देवीला? महाराज समोर उभे होते. देवी दिसत नव्हती. नवरा मात्र दिसत होता.

तिने शेंग देवीच्या घटापुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. आधी नैवेद्य. मग जे व्हायचं ते होवो. डोळे मिटल्यामुळे पुढचं तिने फक्त ऐकलं.

"ससा दिवेलागणीला," महाराज म्हणत होते. "दिवेलागण अजून झालेली नाही. आत्ता व्रत आहे. आणि भूकही आत्ताच लागलीय. शास्त्री, त्या शेंगा आता आहेत कुठे?"

"पोटात, महाराज."

"कोणाच्या?"

"समितीच्या."

"मग शेंगा खाल्ल्या तर व्रत मोडतं?"

शास्त्र्यांनी दुसरा पाय वर घेतला. "शेंगांनी कधी व्रत मोडतं का? वाल, ओवा, मीठ. आतलं सगळं शुद्ध शाकाहारी."

"आणि बाहेरचं?"

"ते मडकं समजायचं. पोपटीला मडकं लागतंच. या मडक्याला शेपूट आहे, एवढंच."

"शास्त्रीबुवा, माझ्या मते..." कोल्होबा म्हणाले.

"अहवाल तोंडीच देणार होतास ना?" महाराज म्हणाले. "ये, असा जवळ ये. मान अध्यक्षांचा."

मथूताईने डोळे उघडले तेव्हा पानाशी दोनच सदस्य उरले होते. महाराज मिशा पुसत होते.

"ओवा छान लागला," ते म्हणाले. "बाई, व्रत बारा महिने चालू. दर गुरुवारी पोपटी लावायची. चाखणी मात्र नियमाप्रमाणे व्हायला हवी. समितीची." मग त्यांची नजर भागोजीरावांवर गेली. "याला सोडा. याच्या पोटात काहीच नाही."

मथूताईने देवीला साष्टांग नमस्कार घातला. भागोजीरावांच्या गळ्यातलं पान सोडलं आणि नैवेद्याची शेंग त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती सोलून खाल्ली. "थोडं कमीच पडलंय मीठ," ते म्हणाले. तिला इतकं बरं वाटलं, की ती रडलीच.

जाळ विझायच्या आत अध्यक्षपदासाठी दोन अर्ज आले होते. मोराचं म्हणणं, मांडणीचा अनुभव त्याला. रानडुकराचं म्हणणं, सर्वात जास्त शेंगा त्यानेच तपासल्या.

मथूताईला राहवेना. ती रानडुकराजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, पुढच्या गुरुवारी चाखू नका हो. निदान नैवेद्य तरी होऊ द्या."

"ताई," रानडुक्कर मायेने म्हणाला, "हे जुने विचार आता सोडा." आणि तो अर्जावर अंगठा उठवायला गेला.

तात्पर्य : नैवेद्य दाखवायच्या आधी चाखू नये, असं आई सांगते ना, ते ऐकावं, बाळांनो. चाखल्याने पाप लागतं म्हणून नव्हे. चाखणारा चविष्ट होतो म्हणून.