दिवा महिपतरावांना मिळाला

"ग्वाल्हेरात मिळत नाही ना? मग जगात मिळेल. जग काय ग्वाल्हेरात संपतं?"

हे वाक्य रमाकांतनं यंदाच्या दिवाळीनंतर इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याची बायको दुर्गा कणीक तिंबता तिंबता ते त्याच्या सुरात म्हणून दाखवायची.

न मिळणारी वस्तू म्हणजे एका सायकलीचा दिवा. सायकल रमाकांतच्या वडिलांची, महिपतरावांची. काळी, उंच, इंग्रजी बनावटीची. तिचा डायनामो आणि दिवा दोन्ही कधीचे बंद पडले होते. संध्याकाळ झाली की म्हातारा माधवगंजातल्या आपल्या घराच्या दारात उभा राहून म्हणायचा, "दिवा असता तर छत्री बाजारापर्यंत एक चक्कर मारून आलो असतो." रमाकांत म्हणायचा, "आणतो हो बाबा." हे आणणं काही वर्षं चाललं, आणि मागच्या थंडीत महिपतरावच गेले.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या कडुनिंबावर बसलेले, पण खाली एकही येईना. चुलत्यांनी शब्द दिले, भाच्यांनी दिले, घर विकणार नाही म्हणून झालं, आईला जपू म्हणून झालं. कावळे ढिम्म. शेवटी महिपतरावांचे जिवलग तात्यासाहेब रमाकांतला कोपरानं ढोसून म्हणाले, "अरे, दिव्याचं बोल."

रमाकांतनं हात जोडले. "बाबा, तुमच्या सायकलीला अस्सल दिवा बसवीन आणि वर्षाच्या आत तिला रस्त्यावर काढीन."

वाक्य पुरतं तोंडाबाहेर पडलं नव्हतं, तर कावळा पिंडावर. रमाकांतच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो काटा पुढे वर्षभर अधूनमधून येत राहिला, कारण शब्द दिला होता आणि काम काही झालं नव्हतं.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं. रमाकांतची ऑफिसची खुर्ची जयेंद्रगंजात, विम्याच्या कचेरीत. जेवणाच्या सुट्टीत त्यानं शहराच्या लष्कर भागातली सायकलींची दुकानं पालथी घातली. तिथल्या खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका दुकानदारानं दिव्याचा फोटो बघून विचारलं, "भाईसाहब, ये दुकान में ढूँढ रहे हो कि म्यूज़ियम में?"

तेव्हा रमाकांत परदेशी दुकानांत शिरला. म्हणजे मोबाइलवर. दिवसभर तो इंग्लंडात नाहीतर जर्मनीत असायचा, जेवायला तेवढा घरी. त्याला डायनामोच्या जाती कळू लागल्या, चाकांची मापं पाठ झाली. फक्त एक गोष्ट त्यानं केली नाही. जिन्याखाली चादर पांघरून उभी असलेली बाबांची सायकल त्यानं एकदाही उघडून बघितली नाही. तशाच सायकलीचे फोटो मोबाइलवर हवे तेवढे होते, मग जिन्याखालच्या कोळिष्टकात वाकतो कोण?

शेवटी जर्मनीतल्या एका दुकानात दिवा सापडला. दिसायला हुबेहूब जुना, आतून नवा, सोबत डायनामो. रमाकांतनं स्वतःच्या नावावर मागवला आणि दुर्गाला बजावलं, "आईला बोलू नको. ती त्या सायकलीला सवत म्हणायची. श्राद्धाच्या दिवशी दिवा लावून एकदम समोर उभी करीन."

पार्सल जर्मनीतून निघालं, दिल्लीला आलं, ग्वाल्हेरात पोचलं. रमाकांत ऑफिसात बसून मोबाइलवर त्याचा माग काढत होता. दुपारी पाटी बदलली: सामान पोचलं. त्याखाली ओळ होती: घेणाऱ्याचं नाव, महिपतराव.

रमाकांतनं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. हे नाव त्यानं त्या दुकानाला कळवलं नव्हतं. कुठेच लिहिलं नव्हतं.

तो घरी आला. ओसरीवर नाही, टेबलावर नाही, पार्सल कुठेच नाही. त्याची आई मंदाताई शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, कोणी आलं होतं का दुपारी?"

"कोण येणार? आपलीच माणसं येऊन जाऊन राहतात."

विधवा आईला काय विचारायचं, की बाबा येऊन सही करून गेले का? दुर्गाला मात्र त्यानं स्वयंपाकघराच्या दाराआड नेऊन मोबाइल दाखवला.

दुर्गा शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं ती ओळ दोनदा वाचली. "त्यांनी मागितला, त्यांनी घेतला. तुम्ही उशीर केलात, ते कुठवर थांबतील?"

"थट्टा करू नको."

"मी कुठे थट्टा करतेय?" ती म्हणाली, आणि तिनं देवघरातला दिवा जरा मोठा केला.

रमाकांतनं दुकानाला इंग्रजीत तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी कुणा मुलरसाहेबाचं उत्तर आलं. तुमचं सामान श्रीयुत महिपतराव यांनी स्वीकारलेलं आहे, कृपया त्यांच्याशी बोलावं.

रमाकांतनं लिहिलं, ते माझे वडील आहेत आणि त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

मुलरसाहेबानं मनापासून दुःख व्यक्त केलं. पण सही त्यांचीच आहे, असंही नम्रपणे कळवलं आणि सहीचा फोटो जोडला. रमाकांतनं तो मोठा करून बघितला. तोच लांबलचक 'म', शेवटी तोच खाली ओढलेला फराटा. बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर हीच सही असायची. मुलरसाहेबानं सांत्वन म्हणून सायकलीची एक पितळी घंटी फुकट पाठवत असल्याचंही लिहिलं होतं.

घंटी आली. ती पण महिपतरावांनी घेतली.

त्यानंतर रमाकांत जिन्याखालून जाताना मान वळवेना. चादरीखालची ती आकृती त्याला रोज थोडी हललेली वाटायची. संध्याकाळी तो घरातले सगळे दिवे लावून ठेवायचा, आणि मंदाताई मागोमाग फिरून विझवायच्या. "बिल काय तुझे बाबा भरणार आहेत?" त्या म्हणायच्या, आणि रमाकांत जिन्यातला दिवा पुन्हा लावून यायचा.

श्राद्ध दोन दिवसांवर आलं. त्या दिवशी दुपारपासूनच धुकं उतरलं होतं. समोरचं देऊळ दिसेना, त्याचा नुसता कळस वर तरंगत होता. रमाकांत ऑफिसातून लवकर येऊन माडीवरच्या खिडकीशी बसला होता. दिवा गेला होता, घंटी गेली होती आणि हातात काहीच नव्हतं. परवा पान ठेवल्यावर कावळ्याला कुठल्या तोंडानं सामोरं जायचं, या विचारानं त्याला अगदी रडू येत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाशी घंटी वाजली. ट्रिंग, थोडं थांबून ट्रिंग ट्रिंग. महिपतराव वळणावर अशीच वाजवायचे.

धुक्यातून एक पिवळा ठिपका पुढे आला. ठिपक्यामागे काळी, उंच सायकल. सायकलीवर काळी टोपी, तपकिरी कोट, गळ्यात हिरवा मफलर. टोपी बाबांची, कोट बाबांचा, मफलर तर दुर्गानंच त्यांना विणून दिलेला. सायकल संथपणे दाराशी आली. माणूस उतरला, सायकल स्टँडवर लावली आणि न विचारता घरात शिरला.

रमाकांतची नजर सायकलीवरच खिळली होती. चाक थांबलेलं होतं. डायनामोचा दिवा चाक थांबलं की विझतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. हा दिवा जळतच होता.

"दुर्गा," त्यानं हाक मारायचा प्रयत्न केला. नुसती हवा बाहेर आली.

कसाबसा भिंतीला धरून तो जिना उतरला. जिन्याखाली ती आकृती होती. सगळा धीर गोळा करून त्यानं चादर ओढली. खाली कूलर होता. दिवाळीनंतर झाकून ठेवलेला, गेल्या उन्हाळ्याच्या गवताच्या वासाचा कूलर. सायकल नव्हतीच. बाबा घेऊन गेले होते.

मागून दुर्गाचा हात त्याच्या दंडावर पडला. तीही पांढरी पडली होती. तिनं बोटानं आईच्या खोलीकडे दाखवलं.

आतून मंदाताईंचा आवाज येत होता. "आज उशीर केलात. थंडीत मफलर नीट गुंडाळून घ्यायचा ना. चहात आलं घातलंय." मग एक पुरुषी खोकला. मग बशीतून फुरक्यानं चहा पिण्याचा आवाज.

वर्षभर आई एकटी नव्हतीच तर. रमाकांतची भीती कुठल्या कुठे गेली आणि त्याला नुसतं लहान मुलासारखं वाटायला लागलं. तो दार ढकलून आत गेला, पाठमोऱ्या कोटापुढे येऊन त्यानं सरळ लोटांगण घातलं.

"बाबा, चुकलो मी. तुम्ही जिवंत असतानाच आणायला हवा होता दिवा."

"आयुष्मान भव," वरून आवाज आला. "पण रमाकांतराव, मी कुठे गेलो होतो?"

रमाकांतनं वर बघितलं. टोपीखाली त्यांच्या घरच्या भटजींचा, गुरुप्रसाद गुरुजींचा वाटोळा चेहरा होता. मिशीला चहा लागलेला. ते परवाच्या श्राद्धाची वेळ ठरवायला आले होते.

"काय झालं रे तुला?" मंदाताई म्हणाल्या. "असा काय पाया पडतोस, कप लवंडला असता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाराव्याला मृताच्या वस्तू दान देतात. छत्री, जोडे, कपडे आणि जमलं तर वाहन. मंदाताईंनी कपड्यांसोबत सायकलही गुरुजींना देऊन टाकली होती. त्या वेळी रमाकांत लाडू कमी पडले म्हणून आचाऱ्याशी भांडत होता, आणि नंतर कुणी काय नेलं ते त्यानं विचारलं नाही.

"आणि पार्सल?" रमाकांतनं विचारलं.

"खोक्यावर सायकलीच्या दिव्याचं चित्र. सायकल गुरुजींची. मला वाटलं, बापाच्या नावानं पोरगा दान करून राहिला आहे, बोलून दाखवत नाही. मी गुरुजींना पोचतं केलं. दोन्ही वेळा. इतकं बरं वाटलं मला."

"पण घेणाऱ्याचं नाव बाबांचं कसं?"

"त्या माणसानं विचारलं, माताजी, घर किसके नाम से है? मी कधी ह्यांचं नाव घेतलंय तोंडानं? त्याच्या फोनवर बोटानं लिहून दिलं. लिहायला काय, ह्यांच्या सह्या जन्मभर मीच करत आले. पेन्शनच्या कागदांवर सुद्धा."

दुर्गा तोंडाला पदर लावून बाहेर गेली. गुरुजी खुलासा करत होते. सायकल वर्षभर त्यांच्या पडवीत उभी होती. पूजा आटोपून घरी परतायला रोज अंधार व्हायचा, म्हणून काढत नसत. दिवा आला आणि सायकल रस्त्यावर आली. "नव्या जमान्याचा दिवा आहे," ते कौतुकानं म्हणाले. "थांबल्यावरही चार मिनिटं जळतो."

हे ऐकून दुसरा कुणी सुटलो म्हणाला असता. रमाकांत रात्रभर तळमळला. शब्द त्यानं दिला होता आणि पुरा मात्र कुणी भलत्यानंच केला होता. सायकल बाबांची, दिवा त्यानं शोधलेला, आणि मिरवणार गुरुजी. सकाळी त्यानं ठरवलं, गुरुजींना नवी कोरी सायकल घेऊन द्यायची आणि ही परत मागायची. तात्यासाहेबांनीही मान डोलावली.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी त्याच सायकलीवरून आले. विधी झाले. रमाकांतनं गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं, खीर, वडा, सगळं. कावळे समोरच्या देवळाच्या कठड्यावर बसलेले. एकही येईना.

ऊन चढलं. धुकं विरलं. खालून पोटात कावळे ओरडत असलेले नातेवाईक वर डोकावू लागले. देवळावरचा एक थोराड कावळा मान वाकडी करून थेट रमाकांतकडे बघत होता. महिपतराव खोटं पकडल्यावर असेच बघायचे.

"अजून तेच आहे ना तुझ्या मनात?" तात्यासाहेब हळूच म्हणाले. "त्याला कळलंय."

मंदाताई मागे उभ्या होत्या. घाटावरच्या शब्दाची गोष्ट त्यांना कालच कळली होती. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "रोज संध्याकाळी ती सायकल छत्री बाजारावरून जाते रे. ह्यांना तेवढंच हवं होतं."

रमाकांतनं हात जोडले. "बाबा, राहू दे सायकल गुरुजींकडे. मागत नाही मी."

कावळा कठड्यावरून गच्चीच्या भिंतीवर आला. तिथेच थांबला.

"आणि तिला जो पार्ट लागेल, तो जगातून कुठूनही मी मागवून देईन. जन्मभर."

फडफड झाली आणि वडा गेला. खाली पानं मांडल्याचा आवाज आला. रमाकांतनं डोळे पुसले. त्याला वर्षात पहिल्यांदा हलकं वाटत होतं.

गुरुजींनी घसा साफ केला. "विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तिचं ते चामड्याचं सीट फार टोचतं. अस्सल सीट इंग्लंडात मिळतं म्हणे."

रमाकांतनं तात्यासाहेबांकडे बघितलं. तात्यासाहेबांनी कावळ्याकडे. कावळा वडा पायाखाली धरून अजून तिथेच होता.

रमाकांतनं मुकाट्यानं मोबाइल काढला. जर्मनीतल्या त्याच दुकानात इंग्रजी सीट निवडलं, पत्ता भरला आणि घेणाऱ्याच्या नावापुढे आपणहूनच महिपतराव लिहून टाकलं. मुलरसाहेबाशी पुन्हा तेवढं इंग्रजी कोण बोलणार?