चौथी शिट्टी

बिराप्पा मास्तर विहिरीशी शिट्टीनं बोलत. हे ऐकीव नाही. आम्ही सहा बालवीर टळटळीत दुपारी त्यांच्या मागं रांगेत उभे असायचो.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे आणि बालवीरांची तुकडीही तेच चालवायचे. झुपकेदार मिशा, आणि पट्ट्यात न मावणारं पोट. रोज सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची, दिवसभरात कुणाचं एक तरी काम करायचं आणि मगच ती सोडायची, असा आमचा नेम. संध्याकाळी मास्तर एकेकाला विचारत, "गाठ कुनासाठी सोडली?" एकदा मी म्हणालो, आईला दळण आणून दिलं. तर म्हणाले, "आन् भाकरी कुनी खाल्ली? बांध परत." त्यांच्या स्वतःच्या रुमालाला मात्र कायम गाठ. ती सुटलेली कुणी पाहिली नव्हती, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

कुंभारी गावाच्या वाटेवर माळात एक पडीक विहीर होती. कठडा नाही, जवळ एक बाभूळ. तिथं आलं की मास्तर थांबून तीन शिट्ट्या वाजवत. आतून तीन परत येत. ते ठीकच, विहीर घुमणारच. पण मग सगळं गप्प व्हायचं, बाभळीवरचे होलेसुद्धा, आणि बऱ्याच वेळानं खालून आणखी एक यायची. अगदी बारीक. मास्तर मान हलवून म्हणत, "हाय. चला पुढं." आमच्यातला धीट नरसय्या म्हणायचा, घार असेल. मी दर खेपेला वर बघायचो. आभाळात घार कधी दिसली नाही.

सगळ्यात वरचा बिल्ला मिळवायचा तर तुकडीनं लोकांच्या उपयोगाचं एक मोठं काम करून दाखवावं लागे. आम्हाला सात रस्त्यावर, गावातल्या गजबजलेल्या चौकात, पाणपोई घालायची होती. येणारे-जाणारे बघतील, शाबासकी देतील. मास्तरांनी ठरवलं, विहिरीला कठडा बांधायचा.

"तिथं कोण जातंय, मास्तर?"

"म्हनूनच. सात रस्त्यावर पानी पाजायला लई जन हायत की."

दीड महिना आम्ही दगड वाहिले. हातांची सालटी निघाली. पुण्याचे परीक्षक आले तेव्हा कठडा कमरेएवढा झाला होता. टोपीनं वारा घेत ते म्हणाले, "उत्तम. सही करतो."

"थांबा," म्हणत मास्तर गुडघ्यांवर बसले. तसेच सरकत कठड्यापाशी गेले, त्यावर हनुवटी टेकवली आणि आत डोकावले. हसू दाबताना आमची पोटं दुखायला लागली.

"अजून वाकता येतंय," मास्तर उठत म्हणाले. "आनखी दोन थर पायजेत. आज सही नको, सायेब."

परीक्षक निघून गेले आणि आमचा बिल्ला पुढच्या वर्षावर गेला. मला मास्तरांचा इतका राग आला की राहिलेले दगड मी आपटतच रचले.

शेवटचा थर बसला त्या दुपारी मास्तर पुन्हा गुडघ्यांवर बसले. आता त्यांना समोर नुसता दगड दिसत होता. मग उभे राहून त्यांनी तीन शिट्ट्या वाजवल्या. तीन परत आल्या. होले गप्प झाले. आम्ही वाट पाहिली. घामानं सदरे अंगाला चिकटले, तरी चौथी आली नाही.

मी रागातच विचारलं, "मास्तर, तुमची गाठ कुणासाठी?"

"सिदूसाठी," ते म्हणाले. "माजा धाकटा भाऊ. सा वर्साचा हुता. मी शेळ्यांमागं चाललो, त्याला म्हनलो, मी तीन शिट्ट्या मारीन, तू एक मार, म्हंजे कुटं हायस ते कळंल. मी मारल्या. त्याची आली न्हाय. मागनं ह्याच विहिरीत घावला."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. जाड बोटांना ती लवकर सुटेना. सुटल्यावर रुमालाचं चुरगळलेलं टोक हातात धरून ते उभेच राहिले.

"काम झालं की रं," ते म्हणाले. "आता हितनं जाताना माज्याशी कोन बोलनार?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी दोन पावलं मागं, बाभळीआड सरलो, दोन बोटं तोंडात घातली आणि एक शिट्टी वाजवली, जमेल तितकी बारीक.

शिट्टी पाठीमागून आली हे मास्तरांना कळलं नसेल असं नाही. पण ते वळले नाहीत. कठड्यावर हात ठेवून विहिरीकडेच बघत राहिले.

"हाय," ते म्हणाले. "चला पुढं."