दचकवणार नाही असा गजर

घड्याळाच्या दुकानात शिरून फरशीवर चादर अंथरून आडवा होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे वाघमारे सर. चादर ते घरूनच आणत, पिशवीत घडी घालून. जालन्याच्या त्या दुकानदाराला आधी वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन धावला. सरांनी डोळे मिटूनच त्याला हातानं थोपवलं.

"पाणी नको. गजर लावा अन् उशाशी ठेवा."

"सर, गिऱ्हाईक येऊन राह्यले."

"येऊ द्या की. उभ्या माणसाला गजर विकता का तुम्ही? झोपलेल्याचं यंत्र आहे हे. झोपूनच बघावं लागतं."

घड्याळ ठणाणा बोंबललं. सरांनी डोळे न उघडता हात लांब करून बटण चाचपलं. हाताला सेलचं झाकण आलं, ते निघालं, सेल घरंगळत कपाटाखाली गेले. सर उठले, चादर झटकली आणि निकाल दिला, "शंभरपैकी अकरा." दुकानदार म्हणाला, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. "त्यांचं त्यांना लखलाभ," सर म्हणाले. "आपल्याला मंजूर न्हाई!"

हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला, कारण सेल काढायला कपाटाखाली मीच घुसलो होतो. बदनापूरला माझी आणि सरांची भिंत एक. शिवाय शाळेत ते मला चित्रकलेला होते, त्यामुळे आजही त्यांनी "चल" म्हटलं की मी चप्पल शोधायला लागतो. सरांनी सगळी नोकरी भांडण्यात काढली. रंगपेट्या निकृष्ट आल्या म्हणून भांडले, चित्रकलेचा तास गणिताला दिला म्हणून भांडले. निवृत्तीनंतर आता शांत होतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी घड्याळं धरली.

कारण काकू होत्या. काकू सरकारी दवाखान्यात नर्स. तीस वर्षं परभणीकडे पहाटेच्या गाडीनं जाऊन-येऊन नोकरी केली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज चारच्या ठोक्याला दचकून उठून बसत आणि विचारत, "अहो, गाडी गेली का?" गाडीचा आता काही संबंध नाही हे लक्षात येईपर्यंत छाती धडधडत असे. मग झोप नाही, दिवसभर डोकं जड, बीपी वर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या काकूंनी डब्यात ठेवून दिल्या. गोळ्या पेशंटनं घ्यायच्या असतात, असं त्यांचं म्हणणं.

सरांचं निदान वेगळं होतं. "अंगाला भरवसा न्हाई तिच्या. आपल्याला कुणीतरी बराबर उठवील, नीट उठवील, हा भरवसा पाहिजे. तो आला की चारला उठायचं कारणच न्हाई. जो दाबायची घाई होणार न्हाई असा गजर पाहिजे, सुनील."

शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पण सरांना प्रश्न विचारला की फळ्यापाशी जावं लागायचं, ती सवय अजून गेलेली नाही.

सरांचा मुलगा पुण्याला. त्यानं सांगितलं, बाबा, मोबाइलमध्ये पाखरांचे आवाज आहेत. सर फोनवरच कडाडले, "पाखरं काय आपल्याला उठवायला बोलतेत का? त्यांचं त्यांचं काम असतं!" मग त्यानं एक बोलणारं घड्याळ पाठवलं. सकाळी त्यातून कुणी बाई गोड आवाजात इंग्रजीत शुभेच्छा देई. सर हादरले. "ही बाई कोण? ओळख न पाळख, अन् थेट बिछान्यापाशी!" बाईला पंधरा गुण मिळाले, तेही उच्चाराचे. नंतरच्या एका घड्याळात सहा आणि आठ सारखेच दिसत. दुसऱ्याचा उजेड थेट डोळ्यांत घुसे. "बनवणारा माणूस कधी झोपलाच न्हाई बिलकुल," सर म्हणाले.

गल्लीत लोक हसत. कुणी म्हणे, सरांचा काटा सरकला. काकूही वैतागल्या. "अहो, उठते मी चारला, तर उठू द्या ना. तुमचं काय जातंय?" त्यावर सरांनी चादर पिशवीत घातली आणि म्हणाले, "सुनील, गाडी काढ. तीर्थपुरीला जाऊ."

तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात उस्मानचाचा घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्याकडे चावीचं एक जुनं घड्याळ होतं. मोठे आकडे, डोक्यावर तळहाताएवढं बटण. सरांनी रस्त्याकडेला चादर अंथरली. भाजी घ्यायला आलेली माणसं भोवती जमली. बटण पहिल्या फटक्यात सापडलं, पण घंटा कर्कश होती. कुणीही दुसरा असता तर तेवढ्यावर मानलं असतं. सरांनी खिशातून पेन्सिल काढून घंटेच्या हातोडीचं चित्रच काढलं. तिला चामडं कसं गुंडाळायचं, कुठून पातळ करायचं, सगळं बाणासकट. चाचा बघत राहिले आणि म्हणाले, "सर, चालीस साल में किसी ने घडी का आवाज नहीं पूछा. सब टाइम पूछते."

तीन बाजार आम्ही तिकडे गेलो. तिसऱ्या खेपेला घड्याळ वाजलं ते असं, की गळ्यात घंटा बांधलेल्या शेळ्या लांबून चरायला निघाल्यात. सर उठले नाहीत. वाजणं थांबेपर्यंत पडून ऐकत राहिले. चाचांनी विचारलं, "पास हुई क्या?" सरांनी मान डोलावली.

घड्याळ घरी आलं, साडेसहाला लागलं. पहिले काही दिवस काकू चारलाच उठल्या. मग साडेचार. मग पाच. सर मला रोज भिंतीवरून वेळ सांगत.

एका रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवरून खडा टाकला. मी गेलो तर सर ओट्यावर, अंगावर शाल. चारपासून बसले होते.

"उठली न्हाई अजून," ते कुजबुजले.

आम्ही बसलो. सर बोलायला लागले. "तीस वर्षं मी शाळेत सांगून राह्यलो, आमच्या घरी गजर लागत न्हाई, आमची बाई आपोआप उठती. रिटायर झाली तवा तिची गादी उन्हात टाकली. उशीच्या खोळीत घड्याळ निघालं, टॉवेलात गुंडाळलेलं. ते वाजलं की माझी झोप मोडंल, म्हणून वाजायच्या आधी दाबायला ती उठायची रे. रोज. अन् मी पोरांपुढं फुशारकी मारून राह्यलो."

सरांना इतकं खाली बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि मायाही आली.

तेवढ्यात आत साडेसहा झाले. शेळ्यांच्या घंटा हळू वाजू लागल्या, वाजत राहिल्या, चावी उतरेपर्यंत वाजून थांबल्या. पडद्याआडून काकूंचं संथ घोरणं येत होतं.

"सर," मी हळूच म्हणालो, "घड्याळानं तर उठवलंच न्हाई."

सरांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अरे, तिनं दाबलं न्हाई," ते म्हणाले. "सुनील, तिनं दाबलं न्हाई."