हायड्रोजनविरुद्ध एकमत

कुठल्याही शोधाला सर्वांत मोठा धोका तपासणीचा असतो. हे ज्या संस्थेला वेळेवर कळतं, ती संस्था नावारूपाला येते. ही वेधशाळा चांगलीच नावारूपाला आलेली होती.

एके दिवशी शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला. (शेजारची म्हणजे काही कोटी प्रकाशवर्षं लांब. सगळ्याच शेजाऱ्यांनी एवढं अंतर ठेवायला हरकत नाही.) दुर्बिणीने फोटो काढला, संगणकाने तो जुन्या फोटोशी ताडला आणि एक ठिपका जास्तीचा असल्याचं मेलने कळवलं. संचालकांनी सकाळी तो मेल उघडला. याला सुपरनोव्हाचा शोध लावणं म्हणतात.

दुपारच्या चहापर्यंत संचालकांनी पत्रकारांना सांगूनही टाकलं की सुपरनोव्हा पहिल्या प्रकारचा आहे. पहिल्या प्रकारातले काही सुपरनोव्हा विश्वातली अंतरं मोजायला उपयोगी पडतात, त्यामुळे त्या सगळ्या घराण्यालाच मान. दुसऱ्या प्रकारात एखादा अवाढव्य तारा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. असं वरिष्ठ कार्यालयांतून नेहमीच घडत असल्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघा दिसल्या तर दुसरा, नाहीतर पहिला.

या रेघा वाचण्याचं काम रेघाबाईंकडे होतं. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण पगारापुरतंच वापरात होतं. कित्येक वर्षं त्या हंगामी होत्या. त्यांना कायम करण्याचा हुकूम संचालकांच्या सहीसाठी टेबलावर येऊन पडला, आणि नेमका त्याच आठवड्यात बाईंना हायड्रोजन दिसला. तोही अंधुक नव्हे, दारात उभं राहून बेल वाजवावी असा.

"सर, हायड्रोजन आहे," बाई म्हणाल्या.

"मला विचारल्याशिवाय?" संचालक म्हणाले.

वर्गीकरण समिती बसली. एका सदस्यांच्या मते हायड्रोजन ताऱ्याचा नसून आसपासचा असावा. दुसऱ्यांना आरशावरच्या धुळीचा संशय होता. तिसरे म्हणाले, "हायड्रोजन विश्वात जिकडेतिकडे असतोच. त्याला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं?" मतदान झालं. हायड्रोजन सहा विरुद्ध एक मताने पडला. (ते एक मत बाईंचं. हंगामी माणसाला मत नसतं हे लक्षात आल्यावर ठराव एकमताने मंजूर झाला.) आता अहवालावर बाईंची सही तेवढी हवी होती. सहीला हंगामी माणूस चालतो.

"तारा आधीच मेलाय ना?" घरी सासूबाई म्हणाल्या. "मग तुझ्या सहीने त्याचं आणखी काय वाईट होणार आहे?"

"आणि हायड्रोजन आपला कोण लागतो?" नवरा म्हणाला.

बाईंना हसू आलं. जेवण मात्र गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली, याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं.

आठवडाभरात जगातल्या इतर वेधशाळांनी एकमुखाने दुसरा प्रकार जाहीर केला. संचालकांनी तातडीने बाईंच्या हुकुमावर सही केली. हंगामी माणसाला जबाबदार धरता येत नाही, म्हणून आधी कायम करून मग चौकशी लावण्यात आली. पेढा आणि नोटीस एकाच शिपायाच्या हातून आली.

"मला हायड्रोजन पहिल्याच दिवशी दिसला होता," चौकशीत बाई म्हणाल्या.

"मग कळवलं का नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्हालाच सांगितलं होतं की! याच खोलीत. तुम्ही सहाही जण होता."

"तेव्हा आम्ही वर्गीकरण समिती होतो," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आज चौकशी समिती आहोत."

बाईंनी कोपरापासून हात जोडले. हात जोडणं म्हणजे कबुली, अशी नोंद झाली. त्यांची बदली प्रेक्षक-दालनाच्या तिकीट खिडकीवर झाली. एकाच ताऱ्याचे दोन प्रकार शोधल्याबद्दल संचालकांचा सत्कार झाला. तारा हळूहळू विझत गेला. त्याच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं.

खिडकीशी येणारे लोक बाईंना ओळखतात. "हायड्रोजनवाल्या बाई तुम्हीच ना? मग त्या संचालकांचं पुढे काय झालं? आणि त्या सहा जणांचं?" बाई सगळं सांगतात. लोक च्यक् च्यक् करतात, हसतात आणि पैसे वसूल झाल्याच्या समाधानाने घरी जातात.

ती दीर्घिका कुठली, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?