जांगड आणलेली पावाची मशीन

सकाळी पाव करायच्या दोन मशिनी रिक्षातून उतरलेल्या पाहून मंजुश्रीने सासूला विचारलं, "आत्याबाई, एकच आणायची होती ना?"

"पसंत केल्याबिगर?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "जांगड आणल्या दोन्ही."

खामगावात रुख्मिणीबाईंनी आजवर एकही साडी दुकानात बसून घेतली नव्हती. साड्या जांगड घरी यायच्या, पलंगावर पसरल्या जायच्या, शेजारणी बघून जायच्या. एक साडी राहायची, बाकीच्या दिवेलागणीच्या आत दुकानात परत. घडी मोडलेली नाही, हळदीचं बोट लागलेलं नाही. बाजारात त्यांचं नाव होतं ते यावरच. "काकू, हे काही लुगडं नोहे," असं मशिनीवाल्या राजकुमारने सांगून पाहिलं. पण त्याच्या आईच्या लग्नातला शालू रुख्मिणीबाईंनीच पसंत केलेला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "नुसत्या पाहा. वापरलेली वापस घेणार नाही."

"माह्या घरून वापरलेली वस्तू कधी आली का रे तुमच्या बाजारात?"

एक मशीन पांढरी, लहान. दुसरी लाल, मोठी. मंजुश्रीला लहान हवी होती. पाव खाणारी माणसं घरात दोनच, ती आणि तिचा नवरा देवानंद. शिवाय लाल मशीन ओट्यावर ठेवली की पोळपाटाला जागा उरत नव्हती.

"एवढुश्या डब्बीत काय होते?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "पाहुणा आला तं त्याले काय नुसता वास देता?"

देवानंदला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही चांगल्या हायेत." आई आणि बायकोच्या मध्ये उभं राहून त्याने एवढं वाक्य पूर्ण केलं, हेच पुष्कळ.

मग रीतीप्रमाणे शेजारणींना बोलावणं गेलं. अन्नपूर्णाबाईंनी लाल मशिनीच्या पाठीवरून गाईवरून फिरवावा तसा हात फिरवला. वच्छलाबाई मात्र म्हणाल्या, "मले तं लहानी बरी वाटते, बाप्पा. आटोपशीर हाये."

झालं! रुख्मिणीबाई उठल्या, बसल्या, परत उठल्या. "लहानीत काही होत नाही म्हणते ना! थांबा, आता दाखवतेच करून."

"आत्याबाई, वापस द्यायची हाये ना?"

"थोडं पीठ टाकून पाहणं म्हणजे वापरणं होते का? साडी खांद्यावर टाकणं वेगळं अन् नेसणं वेगळं."

"मोजून टाका लागते—"

"तू चूप राह्य."

मंजुश्री चूप राहिली. इतकी लगेच चूप राहिली, की एरवी रुख्मिणीबाईंना संशय आला असता. ती मेथी निवडायला बसली.

रुख्मिणीबाईंनी आठ माणसांच्या पंगतीचं पीठ लहान मशिनीत दाबून भरलं. खमिराची पुडीही चिमूटभर न टाकता अख्खी झटकली. बटण दाबलं. मशीन घुरघुरू लागली.

आता तीन तास हात लावायचा नाही, असं म्हणे. पण त्या घरात शिजतं भांडं कधी एकटं सोडलेलं नव्हतं. येणारी-जाणारी झाकण उचलणार, दोन बोटं घालणार, आपलं मत देणार. वच्छलाबाईंनी झाकण उचललं, "घट्ट दिसते," म्हणून वाटीभर पाणी ओतलं. अन्नपूर्णाबाईंनी उचललं, "पातळ झालं," म्हणून मूठभर पीठ टाकलं. रुख्मिणीबाई ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत होत्या. "काऊन होऊन नाही राह्यलं वो? दिवेलागण होईल आता!" असं म्हणत फेरीगणिक त्याही झाकण उचलत.

मग झाकण आपलं आपणच उचललं गेलं.

"बाई वो, हे तं चालून राह्यलं!" अन्नपूर्णाबाई ओरडल्या.

पीठ काठावरून खाली आलं, भोकाभोकांत शिरलं, आतल्या तापल्या सळईवर पडून जळायला लागलं. रुख्मिणीबाईंनी झाकण दाबलं, तर पीठ चारही बाजूंनी बाहेर आलं. शेवटी देवानंदने धावत येऊन वायर उपसली. त्या दिवशी त्याने घेतलेला तेवढाच निर्णय.

फडकं झालं, घासणी झाली, देवानंदचा दात घासायचा ब्रशही झाला. पीठ निघालं. काळा डाग निघेना.

"तशीच खोक्यात घाला," अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या. "कोण पाह्यते?"

रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या दोन पावलं मागे सरल्या. "मी पाह्यते ना! डाग लागलेली वस्तू माह्या नावानं दुकानात जाईन? मी जिती असताना?"

रुख्मिणीबाईंनी एकदा लाल मशिनीकडे पाहिलं, एकदा डागाकडे. मग घसा खाकरला.

"लहानी ठेवा. लाल वापस न्या."

"पण तुम्हाले तं मोठी—" वच्छलाबाईंनी सुरुवात केली.

"मोठी काहाले पाहिजे? खाणारे दोन माणसं!"

दिवेलागणीला देवानंदच्या हातात लाल मशीन देऊन त्या स्वतः दुकानात गेल्या. "घे. उघडून पाह्य. बोट लागलं नाही."

राजकुमारने न उघडताच ती स्टुलावर बसलेल्या एका गृहस्थापुढे सरकवली. "घ्या पंजाबराव, आली तुमची मशीन. लोणारहून आले, काकू, हे. दुपारपासून लाल मशिनीसाठी बसले हायेत."

"दुपारपासून? अन् ही वापस येते, हे तुले कोणं सांगतलं?"

"वहिनीचा फोन आलता सकाळीच. म्हणे, लाल संध्याकाळी वापस येते, गिऱ्हाईक आलं तं बसवून ठेवा."

"सकाळीच? मंग मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

राजकुमारने जरा आढेवेढे घेतले. "म्हणे, आत्याबाईले सांगतलं तं त्या लालच ठेवतीन."

देवानंदला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं. रुख्मिणीबाईंनी पदर सावरला, पंजाबरावांकडे पाहिलं, दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही पाहिलं.

"हुशार हाये माही सून," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "पण कोणाच्या हाताखाली तयार झाली, ते कोणी विचारत नाही."