मोरचूद ओळखणारी जीभ

आमच्या शेजारचे धुडकू आबा माती चाखायचे. चिमूटभर जिभेवर घ्यायची, डोळे मिटायचे, थुंकायची आणि निकाल द्यायचा. वर गर्जना, "मन्ही जीभ खोटं नही बोलस, मास्तर!" नंदुरबारजवळच्या त्या गावात मी नवखा शिक्षक. लोक हात दाखवायला ज्योतिषाकडे जातात. आमच्याकडे ढेकूळ घेऊन आबांकडे यायचे.

मिरचीवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी गावात पहिल्यांदा मारलं ते आबांनीच. रोग हटला, मिरची लालभडक झाली, आबांचं धोतर मात्र कायमचं निळं. काही वर्षांत त्यांच्या जिभेला वावरात जुन्या पैशाची चव लागू लागली. नदीकाठच्या रेताड जमिनीत मोरचुदातलं तांबं टिकत नसे, आबांच्या शेणखतानं पोसलेल्या काळ्या रानात ते मुक्कामालाच यायचं.

"जितलं शेणखत, तितलं धरी ठेवस," आबा सांगत. "माटी मन्हासारखी शे. सोडतच नही!"

एका हिवाळ्यात गुजरातेत व्याऱ्याला दिलेल्या काशीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, कार्ड आलं. आबांना वाचता येत नसे, मीच वाचलं. काशीला दिवस गेले होते. 'इकडची माती गोड लागत नाही. माय मला घेऊन निंदायला बसायची, त्या वावरातली पाठवा.'

दुसऱ्या दिवसापासून आबा वावराचा कोपरा न् कोपरा चाखू लागले. मग शेजाऱ्यांचे बांध.

"आबा, घर भाकर भेटत नही का?" बाया खिदळत.

"निळी!" आबा थुंकत आणि पुढे सरकत.

आठवडाभरानं मी त्यांच्या घरी डोकावलो. आबा विझलेल्या चुलीपुढे खुरपं घेऊन बसले होते. ती चूल काशीच्या मायनं त्याच वावरातल्या मातीची घातली होती, निळं पाणी गावात यायच्या आधी. बायको वारल्यावर आबा त्याच चुलीवर एकटे भाकरी थापत. सारवायलाही कुणाला हात लावू देत नसत.

त्यांनी चुलीची कड खरवडली, चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. या वेळी थुंकले नाहीत.

"निळी नही," ते म्हणाले आणि ती अर्धी बाजू फोडून फडक्यात बांधू लागले.

"आबा, आता भाकरी कुठे भाजणार?"

"तुमना घर!" म्हणाले, आणि उरलेल्या अर्ध्या चुलीवर हळूच टोपलं पालथं घातलं. "हाई ऱ्हाऊ द्या. पोर बाळंतपणले येई ना, तिनी मायना हातनी शे."